काम अडल्यावर काय करायचं, ते पहिली कुदळ मारण्याआधी ठरवा

नाशिक जिल्ह्यात कुठल्याही चालू कामावर जा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहत असो की पिंपळगावला पॅकहाउस, काम का थांबलंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "साहेबांना कळवलंय." कोणत्या साहेबांना, कधी, आणि ते काय म्हणाले, असं पुढे विचारलं की समोरचा माणूस फोन काढून व्हॉट्सअ‍ॅप वर-खाली करायला लागतो. अडचण तोवर आठवड्याची जुनी झालेली असते. बहुतेक वेळा ती मिटवायला दोन तास पुरले असते.

प्रकल्पात अडचणी येणारच. किती येतील हे आपल्या हातात फारसं नसतं. एखादी अडचण निर्णयाची वाट पाहत किती दिवस पडून राहील, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि पैसा तिथेच जातो. पुढची सगळी मांडणी या पडून राहण्याच्या दिवसांना कात्री लावण्यासाठी आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक काम धरू. दिंडोरी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांसाठी पॅकहाउस (माल निवडून पेट्यांत भरायची जागा), प्री-कूलिंग (साठवण्याआधी माल झटपट गार करायची सोय) आणि कोल्ड स्टोरेज बांधतेय. खर्चात सभासदांचे पैसे आहेत, बँकेचं कर्ज आहे आणि अनुदानही आहे. बांधकामाचा ठेकेदार एक, पफ पॅनल (उष्णता अडवणाऱ्या भिंतींचे तक्ते) आणि रेफ्रिजरेशनवाला दुसरा, विजेचं काम तिसऱ्याकडे. तुमचं काम सॉफ्टवेअरचं असेल किंवा शाळेच्या इमारतीचं असेल, तरी पायऱ्या याच राहतील. फक्त नावं बदलतील.

पायरी १: खरी तारीख काढा

अडचण गंभीर आहे की किरकोळ, हे ठरवायला एक पक्की तारीख लागते. "जानेवारीत चालू करायचंय" याला तारीख म्हणत नाहीत. द्राक्षाच्या कामात खरी तारीख बागेत सापडते. दिंडोरी-निफाड पट्ट्यात फळछाटणी मुख्यतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर अशी चालते, आणि छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. तेव्हा सभासदांपैकी सगळ्यांत आधी छाटणी कोण करणार, एवढं विचारा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली छाटणी म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिले क्रेट दारात. (बागलाण-कळवणकडे अर्ली छाटणी होते, तिथे कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्याचं गणित पूर्ण वेगळं.)

आता तिथून मागे या. माल येण्याआधी खोली रिकामी चालवून पाहायची आणि नंतर माल भरून. निर्यात करायची असेल तर पॅकहाउसला अपेडाची (शेतमालाची निर्यात पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता लागते, आणि यंत्रणा बसल्याशिवाय कोणी तपासणीला येऊन उपयोग नाही. असं मागे येत गेलं की कूलिंग ३१ डिसेंबरपर्यंत चालू व्हायलाच हवं, हे कळतं. ही झाली पक्की तारीख.

यापुढचं काम थोडं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. प्रत्येक टप्प्यासमोर लिहा, तो किती दिवस लांबला तरी ३१ डिसेंबर हलत नाही. पायाच्या खोदाईत अशी सवलत जवळजवळ शून्य, कारण तिच्या मागे सगळंच उभं असतं. कायमच्या वीजजोडणीला चाचणीपर्यंत सवलत आहे, पण एकदा ती संपली की संपली. कुंपणाची भिंत हंगामानंतर झाली तरी चालेल. दहा दिवसांचा उशीर कुंपणात झाला तर कोणी विचारणार नाही; पायात झाला तर हंगाम हातचा जाईल. हा तक्ता हाताशी नसेल तर साइटवर जो मोठ्याने ओरडेल त्याची अडचण मोठी ठरते.

पायरी २: जोखीम कोणती, अडचण कोणती, आणि तिचा खर्च कोणाचा

पाऊस लवकर धरेल, ही जोखीम. खड्ड्यात पाणी साचलंय, ही अडचण. जोखमीची यादी वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा वाचा. आपल्याकडची एक जोखीम बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या यादीत हमखास नसते: पेठ-सुरगाण्याकडचे मजूर छाटणी सुरू झाली की बागांकडे वळतात. ज्या हंगामासाठी बांधकाम चाललंय, तोच हंगाम बांधकामावरची माणसं घेऊन जातो. वर दिवाळी. पॅनल आणि फॅब्रिकेशनच्या टोळ्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर असतील तर ते छठ करूनच परततात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वेळापत्रकात हे दिवस आधीच वजा करून टाका.

अडचणींची विभागणी करायला ब्रिटनमधून आलेल्या प्रिन्स-२ या व्यवस्थापन पद्धतीतलं वर्गीकरण मला सगळ्यांत कामाचं वाटतं. तिच्या जुन्या आवृत्त्या अडचणींचे तीन प्रकार मानतात. पहिला, कोणीतरी मागितलेला बदल. दुसरा, ठरलं होतं तसं न झालेलं काम. तिसरा, या दोन्हींत न बसणारी, कोणाच्याच चुकीशिवाय उभी राहिलेली अडचण. हे नुसतं पुस्तकी वाटेल, पण साइटवर याचा थेट संबंध खिशाशी आहे. संचालकांनी मध्येच दार मोठं करायला सांगितलं, तर तो बदल, खर्च कंपनीचा. फरशीचा उतार नकाशाप्रमाणे आला नाही, तर ते ठरल्यापेक्षा वेगळं काम. ठेकेदाराने तोडून करायचं. आणि खोदताना मुरूम अपेक्षेपेक्षा खोल लागला, तर करार काय म्हणतो ते पाहायचं. म्हणूनच करारावर सही करताना या तिसऱ्या प्रकारासाठी दर ठरवून घ्या: जादा खोदाईचा दर घनमीटरला किती, जादा काँक्रीटचा किती. त्या वेळी ठेकेदाराला काम हवं असतं, त्यामुळे दर सरळ मिळतो. खड्डा उघडा पडल्यावर मागितलेला दर सरळ नसतो.

पायरी ३: कोण ठरवणार, किती रुपयांपर्यंत, किती तासांत

सगळ्या नियोजनातली ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे संकोचाने टाळतात. अधिकाराचं बोलणं काढलं की विश्वासाचा प्रश्न होतो. "आपण सगळे एकच आहोत, ठरवू की बसून" असं म्हटलं जातं आणि विषय संपतो. मग जूनमध्ये एक फूटिंग (खांबाखालचा पाया) अडतं. अध्यक्ष लग्नाला गेलेले, एक संचालक मुंबईत, आणि सुपरवायझर कोणाचंच ऐकायला तयार नाही, कारण उद्या बोट त्याच्याकडेच दाखवलं जाणार.

शेतकरी उत्पादक कंपनीत एक कायदेशीर मेखही आहे. अशा कंपनीत किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा संचालक असतात, आणि मंडळाची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. म्हणजे प्रत्येक गोष्ट मंडळापुढे न्यायची म्हटली तर काम तिमाहीच्या चालीने चालेल. "तिघांची बांधकाम समिती नेमू आणि तिला अधिकार देऊ" हे सुचणं साहजिक आहे, पण कायदा मंडळाला समित्या नेमू देतो तरी मंडळाचे अधिकार समितीकडे सोपवू देत नाही. समिती मदतीपुरती, सल्ल्यापुरती. त्यामुळे सरळ मार्ग असा: मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला ठराविक रकमेपर्यंतचे निर्णय घेण्याचा अधिकार मंडळाने काम सुरू होण्याआधीच ठरावाने द्यायचा, आणि बांधकाम कळणाऱ्या दोन-तीन संचालकांची समिती त्याच्या पाठीशी ठेवायची. ठरावाचा मसुदा कंपनी सचिवाकडून तपासून घ्या.

नंतर निर्णयाच्या पायऱ्या ठरवा. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या कामाच्या आकाराने बदला:

- साइट सुपरवायझर: १० हजार रुपयांपर्यंतचा खर्च आणि पक्की तारीख हलत नसेल तर जागेवर निर्णय. संध्याकाळी नोंद करायची, परवानगी मागायची नाही.
- प्रकल्प अभियंता: १ लाखापर्यंत, किंवा तीन दिवसांपर्यंतचा उशीर. मुदत २४ तास.
- मुख्य कार्यकारी अधिकारी, समितीशी फोनवर बोलून: ५ लाखांपर्यंत. मुदत ३ दिवस.
- त्यावरचं, किंवा मंजूर आराखडाच बदलणारं काही: संचालक मंडळ. मुदत ७ दिवस, त्यासाठी तातडीची बैठक बोलावण्याची पद्धत आधी ठरलेली.

या यादीला दात येतात ते एका नियमाने: मुदतीत निर्णय झाला नाही तर अडचण आपोआप वरच्या पायरीवर जाते. ती वर नेण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि वर नेली म्हणून कोणी कोणाची तक्रार केली असं मानायचं नाही. हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा आणि पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. आपल्याकडे "साहेबांच्या डोक्यावरून गेला" हा मोठा गुन्हा मानतात, त्यामुळे नियम कागदावर असला तरच खालचा माणूस धजावतो.

प्रत्येक पायरीवर पर्यायी माणूसही लिहा. अभियंता आजारी पडला तर कोण? नाव हवं, पद नको.

आणखी एक. स्ट्रक्चरल बाबतीत रुपयांची मर्यादा लागू होत नाही. सळईचा व्यास कमी-जास्त करणं पाचशे रुपयांचं असेल तरी तो निर्णय स्ट्रक्चरल सल्लागाराच्या सहीशिवाय कोणीच घ्यायचा नाही. जिवाच्या धोक्याचंही तसंच: खोल खड्ड्याची कड ढासळतेय, उघडी वायर लोंबतेय, तर कोणीही, अगदी वॉचमनसुद्धा, काम थांबवू शकतो. नोंद नंतर.

पायरी ४: अडचणींची वही

वही कागदी असो की गूगल शीट, फरक पडत नाही. ती एकच असावी आणि तिचा सांभाळ एकाच माणसाकडे असावा. अडचण सांगणारा कोणीही असू शकतो, लिहिणारा एक. आमच्या भागात साइटवर नेटवर्क बेभरवशाचं, त्यामुळे मला लाल कापडी पुठ्ठ्याची रजिस्टर वही आणि रोज संध्याकाळी तिचा फोटो, हीच जोडी बरी वाटते.

चांगली नोंद कशी दिसते, ते पाहा.

*क्र. ७. नोंद १२ जून, सकाळी ११. सांगणारा: खोदाईचा मुकादम.*
*काय झालं: ग्रिड सी-३ आणि सी-४ च्या खड्ड्यांत नकाशाप्रमाणे ५ फुटांवर मुरूम लागला नाही. ७ फुटांपर्यंत खोदलं, काळी माती सुरूच. फोटो ४, टेप लावून.*
*परिणाम: या दोन फूटिंगवर कॉम्प्रेसर रूमची भिंत आहे. बाकी १० फूटिंगचं काम चालू ठेवता येतं. १६ तारखेपर्यंत निर्णय झाला नाही तर सेंटरिंगवाले दुसऱ्या साइटवर जातील. त्याआधी पाऊस धरला तर खड्डे भरतील.*
*प्रकार: तिसरा. कराराप्रमाणे जादा खोदाईचा दर लागू.*
*निर्णय: स्ट्रक्चरल सल्लागार. पाठपुरावा: प्रकल्प अभियंता. मुदत: १४ जून संध्याकाळ.*
*तात्पुरती सोय: खड्ड्यांभोवती मातीचा बांध, वर ताडपत्री.*
*बंद केव्हा: सल्लागाराचं सहीचं स्केच आलं, त्याप्रमाणे खोदाई झाली, जादा खोदाईची मोजणी दोन्ही बाजूंच्या सहीने झाली.*

हीच अडचण बहुतेक वह्यांत अशी असते: "फाउंडेशन प्रॉब्लेम. इंजिनिअरला सांगितलं." या दोन ओळींवर कोणालाही काहीच ठरवता येत नाही. सल्लागार नाशिकला कॉलेज रोडच्या ऑफिसात बसलेला असतो. त्याला टेप लावलेला फोटो आणि ७ फूट हा आकडा मिळाला तर तो दुपारी स्केच पाठवू शकतो. नाहीतर "येऊन बघतो" म्हणतो, आणि ते येणं पुढच्या आठवड्यावर जातं. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, तिच्यावर पाया टेकवणं कोणीच मान्य करणार नाही, हे त्यालाही माहीत असतं. त्याला हवी असते फक्त खड्ड्याची खोली.

नोंदीतला सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे "अमुक तारखेपर्यंत निर्णय झाला नाही तर काय होईल" ही ओळ. मुदत तिच्यावरून ठरते. अंदाजाने "तातडीचं" लिहिणं सोडा. तीन आठवड्यांत सगळ्याच नोंदी तातडीच्या होतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल एकच नियम. ग्रुपवर फोटो टाकायचा तो कळवण्यासाठी; वहीत क्रमांक पडेपर्यंत अडचण नोंदवली गेली असं धरायचं नाही. फोटोखाली तो क्रमांक लिहायचा. "गुड मॉर्निंग" आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दुसरा ग्रुप काढा, कोणी रागावलं तरी चालेल.

पायरी ५: आधी कोणती सोडवायची

क्रम लावायला दोन प्रश्न पुरतात. पक्की तारीख हलते का? आणि हे काम लवकरच झाकलं जाणार आहे का?

दुसरा प्रश्न कमी लोक विचारतात. कोल्ड स्टोरेजच्या फरशीखाली इन्सुलेशन असतं आणि ओल आत शिरू नये म्हणून त्याला बाष्परोधक थर देतात. तो थर एका ठिकाणी फाटला, तर दुरुस्तीला पट्टी आणि अर्धा तास लागतो. वरून काँक्रीट पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागते, आणि फोडली नाही तर ओल हळूहळू इन्सुलेशन निकामी करते, वीजबिल वाढत राहतं आणि कारण कोणाला सापडत नाही. खर्च नगण्य, तारीखही हलत नाही, म्हणून नेहमीच्या प्रतवारीत ही अडचण तळाला जाते. खरं तर ती त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर हवी. पॅनलच्या मागून जाणारे पाइप, काँक्रीटमधले कन्ड्युट, ड्रेनचा उतार, सगळं याच जातीचं. अशा प्रत्येक ओतणीच्या आदल्या दिवशी वही उघडून त्या जागेची एकही नोंद उघडी नाही ना, हे पाहिल्याशिवाय मिक्सर बोलवायचा नाही.

पायरी ६: तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय वेगळे लिहा

सातपूर-अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हे अंगवळणी पडलेलं असतं. ग्राहकाकडे खराब भाग गेला की आधी माल थोपवायचा, वेगळा काढायचा; कारण नंतर शोधायचं. फोर्डने १९८७ मध्ये लिहून काढलेली एट-डी पद्धत अशीच चालते: थोपवण्याची पायरी वेगळी, मूळ कारणाची वेगळी. तुमच्या संचालकांत किंवा त्यांच्या मुलांत कोणी अशा कारखान्यात क्वालिटीला असेल तर त्याला बैठकीला बोलवा. बांधकामवाल्यांपेक्षा तो ही वही लवकर समजून घेईल.

आपल्या उदाहरणात डिसेंबर उजाडला आणि ट्रान्सफॉर्मर बसला नाही असं धरा. तात्पुरता उपाय सगळ्यांना सुचतो: भाड्याचा जनरेटर. तो आला, चाचणी झाली, सगळे निवांत. आणि मग जनरेटर फेब्रुवारीतही उभा, डिझेल जळतंय, ट्रान्सफॉर्मरचा पाठपुरावा थंड. म्हणून तात्पुरत्या उपायासमोर दोन गोष्टी लिहिल्याशिवाय तो मंजूर करू नका: रोजचा खर्च आणि तो कधी संपणार ती तारीख. तारीख उलटली की नोंद आपोआप एक पायरी वर.

मूळ कारण शोधताना "का?" पुन्हा पुन्हा विचारायचं, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात तिसऱ्या "का"ला माणसाचं नाव निघतं आणि चर्चा तिथेच बसते. नाव निघालं तरी पुढे जा. पॅनल उशिरा का आले? नकाशा उशिरा मंजूर झाला. का? दाराची रुंदी ठरली नव्हती. का? आत फोर्कलिफ्ट चालणार की हाताने ओढायचा पॅलेट ट्रक, हे कोणी सांगितलं नाही. का? तो प्रश्न कोणाला विचारायचा हेच ठरलं नव्हतं. आता खरी दुरुस्ती दिसते: वापराशी संबंधित असे जे निर्णय अजून बाकी असतील, रॅकची उंची, क्रेटचा आकार, गाडी मागे लावायचा धक्का, ते एका कागदावर काढायचे आणि प्रत्येकासमोर एक नाव घालायचं. पॅनलवाल्याला दोष देऊन यातलं काही मिटलं नसतं.

पायरी ७: आठवड्याची अर्ध्या तासाची बैठक

प्रगतीचा आढावा वेगळा, ही बैठक वेगळी. इथे फक्त उघड्या नोंदी, आणि त्या वयाच्या क्रमाने: सगळ्यांत जुनी आधी. वहीत "किती दिवस उघडी" असा रकाना ठेवा आणि दर आठवड्याला तो आकडा मोठ्याने वाचा. एकवीस दिवस हा आकडा वाचल्यावर खोलीत जी शांतता पसरते, ती कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करते.

बैठक साइटवर घ्या, शक्यतो उभ्यानेच, चहा नंतर. ठेकेदाराचा निर्णय घेऊ शकणारा माणूस हवा, नाहीतर "सेठला विचारून सांगतो" यातच वेळ जातो. आणि निर्णय झाल्याशिवाय नोंदीवरून पुढे जायचं नाही. "पुढच्या बैठकीत पाहू" हा निर्णय धरायचा नाही, तो फक्त वरच्या पायरीवर पाठवण्याचा संकेत समजायचा. ऑक्टोबरच्या बैठकांत एक जादा प्रश्न विचारा: दिवाळीआधी यातलं काय मिटलंच पाहिजे?

पायरी ८: ठेकेदाराशी व्यवहार लेखी

संबंध चांगले आहेत म्हणून लिहायचं नाही, ही आपली जुनी खोड. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ माहीत असू द्या. करारात वेळेला मुख्य महत्त्व दिलेलं असेल आणि ठरलेल्या वेळेनंतर केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही, जर स्वीकारताना तसा इरादा कळवला नसेल तर. म्हणून पॅनल तीन आठवडे उशिरा आले आणि तुम्ही ते उतरवून घेतले, तर त्याच दिवशी एक साधं पत्र किंवा ईमेल जायला हवं: माल स्वीकारत आहोत, उशिराच्या नुकसानीचा हक्क राखून ठेवत आहोत. त्यात राग नको, आरोप नकोत. वहीतल्या नोंदीचा क्रमांक तेवढा घाला.

लेखीपणा दोन्ही बाजूंनी हवा. ठेकेदाराचं रनिंग बिल (झालेल्या कामापुरतं मधलं बिल) तुमच्या टेबलावर अडकलं असेल तर तीही अडचणच, आणि ती वहीत यायला हवी, तुमच्या माणसाच्या नावासमोर, वयासकट. कामावरची माणसं अचानक कमी दिसू लागली की आधी हा रकाना पाहा. सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादारांचं तर २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हिशेबनिसाला हे ठाऊक असतं, अभियंत्याला नसतं. बिल तपासायला चार आठवडे लावणारा अभियंता म्हणजे व्याजाचं मीटर.

पायरी ९: ज्यांचा निर्णय आपल्या हातात नाही

महावितरण, ग्रामपंचायत, बँक, अनुदान देणारी यंत्रणा. यांच्यापुढे तुमच्या पायऱ्या आणि मुदती चालत नाहीत. इथे नोंदीत निर्णयाची मुदत लिहिण्याऐवजी तीन गोष्टी लिहा: अर्जाचा आवक क्रमांक, सध्या फाइल कोणत्या टेबलावर आहे, आणि आपला माणूस पुन्हा कधी जाणार. वीजजोडणीची वाट लांब असते: अर्ज, जागेची पाहणी, कोटेशन, पैसे भरणं, परवानाधारक ठेकेदाराकडून काम, टेस्ट रिपोर्ट, मग मीटर. "महावितरणकडे आहे" या दोन शब्दांत यातली कुठलीही पायरी असू शकते, आणि निम्म्या वेळा ती आपल्याच बाजूला अडलेली निघते, एखाद्या न दिलेल्या कागदावर. सिंहस्थाच्या कामांच्या दिवसांत शासकीय यंत्रणा त्यातच गुंतलेली असणार, तेव्हा फेऱ्यांच्या तारखा लवकरच्या धरा.

अनुदानाबाबत सावध राहा. मंजूर आराखड्यात काही बदलायचं असेल तर आधी लेखी कळवा, उत्तर येऊ द्या, मग बदला. साइटवर शहाणपणाचा वाटलेला बदल तपासणीच्या दिवशी मंजूर नकाशाशी जुळला नाही, तर हप्ता अडकतो आणि त्या हप्त्यावर अवलंबून असलेलं सगळं मागोमाग अडकतं.

पायरी १०: बंद कोण करणार

ज्याने अडचण सांगितली, तोच ती बंद करेल. दुरुस्त करणाऱ्याने "झालं" म्हटल्यावर नोंद बंद करायची नाही. आणि बंद होण्याची अट नोंद करतानाच लिहिलेली असावी, मोजता येईल अशी. "कूलिंग नीट होत नाही" ही नोंद "आता गार होतंय" यावर बंद करू नका. द्राक्ष साठवायला खोलीचं तापमान शून्य ते एक अंशाच्या आसपास लागतं. तेव्हा अट अशी: खोली माल भरून सलग २४ तास त्या मर्यादेत, दर तासाची नोंद, मधे एकदा वीज बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही यंत्रणा आपोआप उठली. रिकाम्या खोलीत केलेली चाचणी यंत्राच्या कौतुकासाठी ठीक आहे. बागेतला गरम माल आत आला की खरं चित्र दिसतं.

काम ताब्यात घेताना उघड्या नोंदी शून्य कधीच नसतात. त्यांची यादी करा, प्रत्येकीसमोर तारीख आणि अडवून ठेवायची रक्कम लिहा, दोघांनी सह्या करा. हंगामात नव्या नोंदी येतील त्या त्याच वहीत पुढच्या क्रमांकाने चालू ठेवा. वही मिटवून नवी करू नका. रिटेन्शनची (बिलांतून राखून ठेवलेली) रक्कम सोडण्याची तारीख करारातच अशी धरा की मधे एक पूर्ण द्राक्ष हंगाम आणि एक पूर्ण पावसाळा येईल. छपराची गळती आणि गटाराचा उलटा उतार एप्रिलमध्ये कोणालाच दिसत नाहीत. जुलैत, पाऊस चालू असताना, ठेकेदाराला घेऊन छताखाली एक फेरी मारा आणि त्या दिवशीच्या नोंदी मिटल्यावरच चेकवर सही करा.